ताई, वॉचमन कुठंय?

'शाळा' सिनेमातल्या चार पोरांकडे गप्पा मारायला एक अर्धवट बांधलेली बिल्डिंग होती. आमच्या कोलशेतमध्ये बिल्डिंगाच बिल्डिंगा आहेत, पण नववीतल्या मुलांना बसायला जागा नाही. आणीबाणीच्या वर्षात घडणारी ही गोष्ट आज पुन्हा बघावी असं का वाटलं, त्याचा हा किस्सा.

"ताई, यांना कुणी हाकलत का नाही? वॉचमन कुठंय?"

सिनेमा सुरू होऊन वीस मिनिटंही झाली नव्हती आणि माझ्या धाकट्या भावाने हा प्रश्न विचारला. समोर 'शाळा' चालू होता. चार पोरं एका अर्धवट बांधकामात बसून गप्पा हाणत होती. मला हसू आलं. तो मात्र हसला नाही. त्याला खरंच कळत नव्हतं. रिकामी बिल्डिंग आहे, चार मुलं रोज तिथे जाऊन बसतात आणि कुणी रजिस्टरमध्ये नाव लिहायला सांगत नाही, कुणी फोटो काढून ग्रुपवर टाकत नाही. असं कसं?

हा प्रश्न त्याला का पडला, ते आधी सांगते.

आम्ही कोलशेतला राहतो. ठाण्यातल्यांना सांगायला नको, पण बाकीच्यांसाठी सांगते. एका बाजूला खाडी, जुनं आगरी-कोळी गावठाण, विसर्जन घाट. दुसऱ्या बाजूला टॉवर, टॉवर आणि पुन्हा टॉवर. मधून कोलशेत रोड. १९८२ मध्ये ठाणे महापालिका झाली, त्याआधी हे शहराबाहेरचं गाव. या पट्ट्यात केमिकल कंपन्यांचा काळ होता. सँडोजचा, म्हणजे नंतरच्या क्लॅरियंटचा कारखाना इथलाच. आता कंपन्यांच्या जमिनींवर चाळीस-चाळीस मजले उभे आहेत. खाली गेट, गेटवर केबिन, केबिनमध्ये स्क्रीन आणि स्क्रीनवर आपण सगळे.

तर झालं असं, की माझा भाऊ आणि त्याचे तीन मित्र, सगळे नववीतले, रोज संध्याकाळी क्लास सुटल्यावर आमच्या सोसायटीच्या पोडियमवर, जनरेटर रूमच्या मागे, एका कट्ट्यावर बसायचे. एक दिवस सोसायटीच्या व्हॉट्सअॅप ग्रुपवर सीसीटीव्हीचा स्क्रीनशॉट आला. चार डोकी, एका मोबाइलवर वाकलेली. खाली एक ओळ : "ही मुलं कोणाची? रोज काय करतात इथे?" आई तेव्हा लोकलमध्ये होती. मुलुंड येईपर्यंत तिचे तीन फोन झाले. बाबांनी घरी आल्याआल्या मोबाइल काढून घेतला. मुलं काय करत होती, हे कुणी विचारलंच नाही. दोन दिवसांनी लिफ्टशेजारी नोटीस लागली. 'संध्याकाळी ७ नंतर अठरा वर्षांखालील मुलांनी पोडियमवर विनाकारण थांबू नये.'

विनाकारण. हा शब्द लक्षात ठेवा, पुढे लागणार आहे.

त्या शनिवारी मी त्याला 'शाळा' दाखवला. मोबाइल नव्हता, त्यामुळे तोही बसला.

नववी, तुकडी आणि एक वर्ष

तुमच्यातल्या बऱ्याच जणांनी हा सिनेमा शाळेत असताना टीव्हीवर तुकड्यातुकड्यांत बघितला असेल. कुणी कादंबरी वाचली असेल. दोन्ही नसेल, तर थोडक्यात सांगते.

मिलिंद बोकील यांची 'शाळा' ही कादंबरी मौज प्रकाशनाने २००४ मध्ये काढली. बोकील समाजशास्त्राचे अभ्यासक. कातकऱ्यांवर, मेंढा गावावर त्यांनी लिहिलंय. त्यांचा जन्म १९६० चा. म्हणजे आणीबाणी आली तेव्हा ते जेमतेम पंधरा वर्षांचे होते, जवळपास आपल्या हिरोच्याच वयाचे. कादंबरीवरून मिहिर राजदाने 'गमभन' नाटक केलं, हिंदीत 'हमने जीना सीख लिया' नावाचा सिनेमा आला. आणि जानेवारी २०१२ मध्ये सुजय डहाकेचा 'शाळा' थिएटरला लागला. डहाके तेव्हा पंचविशीच्या आसपास. पहिलाच सिनेमा. सर्वोत्कृष्ट मराठी चित्रपटाचा राष्ट्रीय पुरस्कार त्याला मिळाला, पटकथेलाही मिळाला.

गोष्ट साधी. मुकुंद जोशी नववीत आहे. सुऱ्या, चित्रे आणि फावड्या हे त्याचे मित्र. जोशीला शिरोडकर आवडते. तिला ते सांगायचं कसं, हा प्रश्न. मित्रांसारखं बोलणारा एक नरूमामा आहे (जितेंद्र जोशी), समजूतदार वडील आहेत (नंदू माधव), मुख्याध्यापक अप्पा आहेत (दिलीप प्रभावळकर). अंशुमन जोशी आणि केतकी माटेगावकर या दोघांनी जोशी-शिरोडकर असे केलेत, की वर्गातली कुणीतरी आठवतेच. आणि हे सगळं घडतं १९७५-७६ च्या शैक्षणिक वर्षात. म्हणजे आणीबाणीत.

पण गंमत बघा. आणीबाणी कुठेही समोर येऊन उभी राहत नाही. ती मोठ्यांच्या बोलण्यात असते, कानावर पडणाऱ्या शब्दांत असते. पोरांचं डोकं शिरोडकर, गणित आणि तिमाही परीक्षा यांच्यात अडकलेलं. पंधराव्या वर्षी असंच असतं. देशात काय चाललंय यापेक्षा तिने आज वळून बघितलं का, हे मोठं.

मग भावाने दुसरा प्रश्न विचारला. "आणीबाणी म्हणजे नक्की काय बंद होतं?"

मी म्हटलं, "बोलणं." मग लक्षात आलं, आपल्यालाही याहून जास्त सांगता येत नाही. अकरावी-बारावीत एक धडा होता, पाच मार्कांचा. टीप लिहा.

पाच मार्कांच्या पलीकडे

म्हणून मी बसून थोडं वाचलं. तुम्हालाही सांगते.

२५ जून १९७५ च्या रात्री राष्ट्रपतींनी आणीबाणीच्या आदेशावर सही केली. ती उठली २१ मार्च १९७७ ला. एकवीस महिने. या काळात 'मिसा' आणि भारत संरक्षण नियमांखाली लाखाहून जास्त माणसं तुरुंगात गेली. वर्तमानपत्रांवर सेन्सॉर बसला, तेव्हा 'इंडियन एक्स्प्रेस'ने अग्रलेखाची जागा कोरी सोडली. किशोर कुमारने काँग्रेसच्या कार्यक्रमात गायला नकार दिला, तर त्याची गाणी आकाशवाणीवरून गायब झाली. विचार करा, उद्या तुमच्या प्लेलिस्टमधून एक अख्खा गायक गायब झाला आणि कुणी कारणही सांगितलं नाही तर?

महाराष्ट्रात त्याच वर्षी, डिसेंबर १९७५ मध्ये, कऱ्हाडला साहित्य संमेलन झालं. अध्यक्ष दुर्गा भागवत. स्वागताध्यक्ष यशवंतराव चव्हाण, केंद्रातले मंत्री. त्यांच्या देखत दुर्गाबाई आणीबाणीविरुद्ध बोलल्या. पुढे त्यांना अटक झाली. १९७६ मध्ये आपल्या राज्याच्या विधिमंडळाने सक्तीच्या नसबंदीचं विधेयक मंजूर केलं. राष्ट्रपतींची संमती मिळाली नाही म्हणून ते कायदा झालं नाही. आणि त्याच वर्षी ४२ व्या घटनादुरुस्तीने संविधानाच्या प्रास्ताविकेत 'समाजवादी' आणि 'धर्मनिरपेक्ष' हे शब्द आले. शाळेच्या पुस्तकाच्या पहिल्या पानावर आपण जी प्रास्ताविका वाचतो, तिच्यातले हे शब्द त्या एकवीस महिन्यांतले आहेत. हे मला खरंच माहीत नव्हतं.

आता घरातल्या मोठ्यांना विचारा. दहापैकी पाच जण म्हणतील, "पण काय शिस्त होती! गाड्या वेळेवर धावायच्या." विनोबांनी तर या काळाला 'अनुशासन पर्व' म्हटलं होतं. शिस्त हा शब्द आपल्याला आवडतो. शाळेत आवडतो, घरात आवडतो, सोसायटीच्या नोटीसबोर्डावर तर खूपच आवडतो. 'शाळा'ची खरी गंमत इथे आहे. देशातली आणीबाणी बाहेर ठेवून हा सिनेमा शाळेच्या आतली शिस्त दाखवतो. मुलांनी मुलींशी बोलायचं नाही, हा कुठेही न लिहिलेला नियम. छडी. ऑफिसात बोलावणं. पालकांना चिठ्ठी. कुणाचं काय चुकलं, हे नीट न ऐकताच शिक्षा. जोशीला दिल्लीत काय चाललंय ते कळत नसेल, पण विचारायची भीती म्हणजे काय, ते त्याला रोज कळतंय.

तिकडे, ल्युब्लियानात

हे फक्त आपल्याकडेच झालंय असं नाही. 'शाळा'नंतर मी शोधत शोधत एका स्लोव्हेनियन सिनेमापर्यंत पोचले. नाव 'आउटसायडर', दिग्दर्शक आंद्रेय कोशाक, साल १९९७. त्यांच्याकडे हा सिनेमा जबरदस्त चालला.

स्लोव्हेनिया तेव्हा वेगळा देश नव्हता, युगोस्लाव्हियाचा भाग होता. मार्शल टिटोंचा युगोस्लाव्हिया. हे नाव नेहरू आणि नासर यांच्या शेजारी, अलिप्ततावादी चळवळीच्या धड्यात, तुम्ही वाचलं असेल. तिथे साताठ वर्षांची मुलं 'पायोनियर' व्हायची. निळी टोपी, लाल रुमाल, शपथ. २५ मे हा टिटोंचा अधिकृत वाढदिवस 'युवा दिन' म्हणून साजरा व्हायचा आणि त्यासाठी देशभर तरुण पोरं मशालीसारखा एक दंड हातोहात घेऊन पळायची. सगळं शिस्तीत.

सिनेमा सुरू होतो १९७९ मध्ये. सेआद नावाचा मुलगा ल्युब्लियानातल्या शाळेत नवा आलाय. वडील सैन्यात अधिकारी, बोस्नियाचे. आई स्लोव्हेनियन. वडिलांच्या बदल्यांमुळे हा प्रत्येक शाळेत नवाच. भाषा वेगळी, नाव वेगळं. त्याला जागा मिळते ती पंक म्युझिक करणाऱ्या पोरांच्या कंपूत. या शहरात पंक खरोखर होतं. 'पांकर्ती' नावाच्या बँडने १९७७ मध्ये तिथल्या एका शाळेत पहिला कार्यक्रम केला. पोलीस पंक मुलांना रस्त्यात अडवायचे. बंदूक घेऊन उभे राहण्याइतकं या पोरांनी काय केलं होतं? केस उभे केले होते आणि गिटार जोरात वाजवली होती. इकडे सेआदचे वडील घरात शिस्तीचं राज्य चालवतात. आणि मग मे १९८० मध्ये टिटो गेले. तेही ल्युब्लियानातल्याच रुग्णालयात. सिनेमाचा शेवट सांगत नाही, पण तो गोड नाही.

भाषा कळत नसताना, सबटायटल वाचत बघूनही, मला तो सिनेमा ओळखीचा वाटला. दोन्हीकडे मोठ्या माणसांनी एक चांगला शब्द पकडलाय. त्यांच्याकडे बंधुता, आपल्याकडे अनुशासन. आणि दोन्हीकडे पंधरा-सोळा वर्षांची पोरं त्या शब्दाखाली चेंगरतायत. त्यांना क्रांती वगैरे करायची नाहीये. कुणीतरी आवडलंय, एक गाणं वाजवायचंय, चार मित्रांत बसायचंय. एवढंच.

फरक एकच. 'आउटसायडर' आला तेव्हा तो देशच शिल्लक नव्हता, त्यामुळे मागे वळून बघणं तिथे भाग होतं. आपल्याकडे निवडणूक झाली, आणीबाणी उठली, सरकार बदललं आणि सगळे पुन्हा आपापल्या ऑफिसला गेले. मराठीत त्या काळातल्या मुलांवरचा गाजलेला सिनेमा म्हटलं, की बोट 'शाळा'कडेच जातं.

शिरोडकरला विचारलं का?

आता थोडं भांडण. 'शाळा' मला आवडतो, पण दर वेळी बघताना एका ठिकाणी मी अडकते.

सगळी गोष्ट जोशीच्या डोळ्यांनी दिसते. तो तिच्या मागे मागे चालतो, तिची येण्या-जाण्याची वेळ लक्षात ठेवतो, ती कुठल्या क्लासला जाते ते शोधतो. आपल्याला ते गोड वाटतं, कारण जोशी गोड आहे. पण मी नववीत असताना क्लासवरून घरी येताना एक मुलगा रोज वीस पावलं मागे चालायचा. तोही कदाचित त्याच्या डोक्यात जोशीच असेल. मला मात्र ती वीस पावलं फक्त ऐकू यायची. घरी सांगितलं नाही, कारण सांगितलं असतं तर पहिली गोष्ट बंद झाली असती ती माझा क्लास.

म्हणजे शिरोडकरवर दुहेरी पाळत आहे. एक शाळेची आणि घरची, दुसरी जोशीची. शिक्षा मुलांना होते, ते सिनेमात दिसतं. मुलींना काय काय सोडावं लागतं, ते फारसं दिसत नाही. कादंबरीत ती हुशार आहे, तिची स्वतःची मतं आहेत, हे खरं. तरी तिची अर्धवट बिल्डिंग कुठे होती, हे कुणी लिहिलं नाही. चार मुली अशा रिकाम्या बांधकामात जाऊन बसल्या असत्या का, १९७५ मध्ये? आज बसतील?

आणि जोशीची शाळा ही सगळ्यांची शाळा नव्हती. 'शाळा'नंतर दोनच वर्षांनी नागराज मंजुळेचा 'फँड्री' आला. त्यातल्या जब्यालाही वर्गातली मुलगी आवडते, पण त्याच्या आणि तिच्या मध्ये अख्खं गाव आणि जात उभी आहे. जोशी हरला तरी त्याच्याकडे दहावी आहे. जब्याच्या हातात शेवटी दगड येतो. हे दोन सिनेमे लागोपाठ बघा. पहिला बघून आलेला गोड हुंदका दुसरा बघताना घशात अडकतो. अडकू दे.

अठराव्या मजल्यावरचे आजोबा

हे सगळं मी आमच्या बिल्डिंगमधल्या एका आजोबांना सांगत होते. वय चौसष्ट. कोलशेतमधल्याच एका केमिकल कंपनीत आयुष्य गेलं, कंपनी गेली, आता अठराव्या मजल्यावरून त्याच पट्ट्याकडे बघत चहा पितात. हिशोब केला आणि माझी ट्यूब पेटली. १९७५ ला ते नववीत.

"आजोबा, तुम्हाला आणीबाणी आठवते?"

"काही नाही गं. आम्ही पोरं. क्रिकेट खेळायचो. 'शोले' आला होता त्या वर्षी, तो आठवतो."

मी विषय सोडला. चहा पिऊन उठले, तर म्हणाले, "थांब. आमचे एक सर होते."

इतिहास शिकवायचे. एका सोमवारी आले नाहीत. मंगळवारी त्यांच्या तासाला दुसरे सर आले. वर्गात कुणीतरी विचारलं, तर उत्तर आलं, "रजेवर आहेत." रजा चालूच राहिली. सरांचा मुलगा यांच्याच वर्गात होता. तो मागच्या बाकावर बसायला लागला. डबा एकटा खायचा. त्याच्या आईने घरच्या घरी शिवणकाम घ्यायला सुरुवात केली. सगळ्यांना माहीत होतं सर कुठे आहेत. कुणीही बोललं नाही. १९७७ मध्ये निवडणुका जाहीर झाल्यावर सर परत आले, बारीक झालेले. आल्या दिवशी जिथे थांबले होते त्याच धड्यापासून पुढे शिकवायला लागले.

"तुम्ही त्या मुलाशी बोललात का?"

आजोबा बराच वेळ गप्प. मग म्हणाले, "माझा बाक त्याच्या पुढेच होता. वडिलांनी सांगितलं होतं, त्याच्यात मिसळू नकोस, माझी नोकरी आहे. मी मिसळलो नाही. पन्नास वर्षं झाली. डबा तरी सोबत खायला पाहिजे होता."

सरांना कुणी पकडलं, कुठल्या कलमाखाली, ते आजोबांना आजही नीट माहीत नाही. त्यांना तो डबा आठवतो. पाच मार्कांच्या टिपेत हा डबा नव्हता. आणि पहिल्या चहात तर त्यांना 'काही नाही' एवढंच आठवत होतं. आपल्या घरातल्या किती माणसांच्या पोटात असं काही पडून असेल? ती पिढी आत्ता साठीच्या पुढे आहे. आपण विचारलं नाही, तर ते सांगायचे नाहीत. सांगण्यासारखं काही आहे असं त्यांनाच वाटत नाही.

कारण काय?

मला माहितीये, तुम्ही म्हणाल, सोसायटीची नोटीस आणि आणीबाणी यांची तुलना करतेस? नाही करत. स्क्रीनशॉट टाकणाऱ्या काकूंनी कुणाला तुरुंगात टाकलं नाही. त्यांना भीती वाटली असेल. व्हेप, ड्रग्ज, रील्स, काय काय ऐकतो आपण. आईबाबा ओरडले ते काळजीने. अॅपवर लोकेशन बघतात तेही काळजीनेच. दोन्ही एक नाही.

पण सवय एकच आहे. आधी बघायचं, मग ठरवायचं, विचारायचं शेवटी किंवा विचारायचंच नाही. आणि आपण त्याला शिस्त म्हणायचं. चौदाव्या वर्षी ही सवय लागली की तेविसाव्या वर्षी आपण स्वतःच कॅमेऱ्याकडे बघून चालायला लागतो. मी लागलेय. स्टोरी टाकण्याआधी कोण कोण बघेल याची यादी माझ्या डोक्यात तयार असते. तुमच्या नसते?

आणि जागेचा प्रश्न तर खराच आहे. कोलशेतमध्ये नववीतल्या मुलाने फुकटात, कुणाचंही काही न बिघडवता, मित्रांसोबत कुठे बसायचं? सेंट्रल पार्क छान झालंय, पण तिथे तिकीट. कॅफेत कॉफी घ्यावी लागते. खाडीकडे घरचे पाठवत नाहीत. मैदान टर्फ झालंय, तासाचे पैसे. अर्धवट बिल्डिंगा इथे डझनाने आहेत, पण त्यांना पत्र्याचं कुंपण आणि बाहेर रखवालदार. ते योग्यच आहे, बांधकामात पोरं जाऊ नयेत. मग कुठे जावं?

भावाला मी शेवटी विचारलंच, "त्या दिवशी मोबाइलमध्ये काय बघत होता तुम्ही?" तो म्हणाला, "रिझल्ट. एकाला दोन विषयांत कमी होते. घरी कसं सांगायचं ते ठरवत होतो." बस्. घरी जायच्या आधी अर्धा तास मित्रांसोबत बसणं, हे त्या नोटिशीतलं 'विनाकारण'.

पुढच्या रविवारी कमिटीची मीटिंग होती. भावाने वहीच्या कागदावर अर्ज लिहिला. मी शुद्धलेखन सुद्धा तपासलं नाही. त्यात एकच मागणी होती : 'विनाकारण' शब्दाचा अर्थ नोटिशीत लिहावा. अर्ज वाचून दोन-तीन जण हसले. एक काका म्हणाले, "अरे, अभ्यास करा, हे काय!" मग आजोबा उभे राहिले. सर, डबा, काहीही सांगितलं नाही त्यांनी. एवढंच म्हणाले, "मुलगा विचारतोय तर उत्तर देऊ या ना."

उत्तर मिळालं नाही. विषय पार्किंगवर गेला. नोटीस अजूनही लिफ्टशेजारी आहे.

पण त्या सोमवारपासून आजोबा रोज संध्याकाळी सात वाजता प्लास्टिकची खुर्ची घेऊन जनरेटर रूमच्या मागे येऊन बसतात. हातात पेपर. चार पोरं शेजारच्या कट्ट्यावर. मोठा माणूस सोबत आहे म्हटल्यावर नियम लागू होत नाही. आजोबांना ऐकायला कमी येतं, असं ते म्हणतात. आता सीसीटीव्हीत पाच जण दिसतात आणि ग्रुपवर अजून कुणी काही टाकलेलं नाही. भाऊ सांगत होता, परवा आजोबांनी डबा आणला होता. थालीपीठ.

बघणार असाल तर...

* 'शाळा' एकट्याने नका बघू. १९७५ ला जे शाळेत होते अशा कुणाला तरी सोबत बसवा. आजी, आत्या, शेजारचे काका, कुणीही. आजींना आवर्जून विचारा, मुलींच्या बाजूची गोष्ट तिथेच मिळेल.
* 'आणीबाणी आठवते का?' असं विचारू नका. 'नाही' येईल. 'तेव्हा तुम्ही कितवीत होतात, बाकावर शेजारी कोण होतं, कुणी मध्येच शाळेत यायचं बंद झालं का?' असं विचारा.
* पहिल्या 'काही नाही'नंतर उठू नका. दुसरा चहा ठेवा.
* जे सांगतील ते लिहून ठेवा किंवा रेकॉर्ड करा. पण आधी विचारून. न विचारता रेकॉर्ड करायला आपल्याकडे बाकीचे खूप आहेत.